चार कलमांच्या कायद्यावर चाललेलं शहर

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला. पाडव्याला इतवारीच्या सराफा ओळीत एरवी पाय ठेवायला जागा नसते, गांधीबागेच्या कापडबाजारात लगीनसराईच्या खरेदीला तोंड फुटतं आणि कूलरच्या दुकानांपुढे नव्या मालाच्या रांगा लागतात. नागपुरात कूलरचा धंदा म्हणजे मार्च, एप्रिल, मे. या तीन महिन्यांत विकलं ते विकलं, मृग लागला की उरलेला माल गोदामात. त्या पाडव्याला मात्र सगळ्या बाजाराची शटरं खाली होती. देशभराचा लॉकडाऊन त्याच दिवशी सुरू झाला होता.

नागपूरकरांना तो चार-पाच दिवस आधीच लागू झाला होता. शहरातला पहिला रुग्ण, अमेरिकेहून परतलेला, ११ मार्चला सापडला. २० मार्चला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबई महानगर, पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या जोडीला नागपूरचं नाव घेतलं आणि अत्यावश्यक सोडून सगळी दुकानं नि कार्यालयं ३१ मार्चपर्यंत बंद ठेवायला सांगितली. बाजारात तेव्हा एकच प्रश्न होता, उघडायचं कधी? दुसरा प्रश्न विचारायला लोकांना थोडा वेळ लागला: हे सगळं कोणत्या कायद्याने? आणि तिसरा तर हळूहळूच उमगत गेला: भाडं, पगार, हप्ता, दवाखान्याचं बिल यांचं काय?

पुढच्या दोन वर्षांचा नागपूरचा इतिहास रुग्णसंख्येच्या आलेखावरून सांगितला जातो. तो आदेश, नोटिसा, गुन्हे आणि याचिका यांवरूनही वाचता येतो. तसा वाचला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बंद करण्याचा अधिकार कायद्यात ठसठशीत लिहिलेला होता. बंदचा भुर्दंड कोणी सोसायचा, याबाबत कायदा मुका होता. ही मुकी जागा सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला, दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाला आणि पुष्कळदा व्यापारी नि घरमालक यांच्या आपसांतल्या तडजोडींना भरून काढावी लागली.

प्लेगचा वारसा

राज्य सरकारने १३ मार्च २०२० रोजी ज्या कायद्याचा आधार घेतला, तो साथरोग प्रतिबंधक कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग पसरला होता आणि ब्रिटिश सरकारला घाई होती. कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा. पहिल्यात नाव. दुसऱ्यात सरकारला मोकळं रान: नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर साथ रोखायला हवे ते तात्पुरते नियम करता येतील. तिसऱ्यात शिक्षा: नियम मोडला तर भारतीय दंड संहितेचं कलम १८८. चौथ्यात संरक्षण: सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. साथ कशाला म्हणायचं, कोणाला किती दिवस डांबता येतं, दाद कोणाकडे मागायची, नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, यातलं काहीही त्यात नाही.

हा कायदा काय करू शकतो, हे महाराष्ट्राने त्याच वर्षी पाहिलं होतं. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरांच्या झडत्या घेतल्या, माणसं उचलून नेली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, आणि त्या वर्षीच्या लेखांवरून टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे कायद्यात किरकोळ डागडुजी झाली, पण त्याचा साचा सव्वाशे वर्षं तसाच राहिला.

१४ मार्च २०२० ला राज्याने याच कायद्याखाली कोविड नियमावली काढली. तिने जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांच्या हाती संशयितांना विलगीकरणात ठेवण्यापासून वस्ती बंद करण्यापर्यंतचे अधिकार दिले. त्यावर केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आला. त्याचं कलम ५१ म्हणजे आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद. जोडीला पोलिसांची जमावबंदी. एका दुकानाच्या शटरवर असे तीन-तीन कायदे येऊन बसले आणि प्रत्येकाचा आदेश वेगळ्या कार्यालयातून सुटत होता. लोकांपर्यंत तो बहुधा संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पोचायचा, अंमल दुसऱ्या दिवशी सकाळपासून.

आयुक्तांचं राज्य

महापालिकेत तेव्हा आयुक्त होते तुकाराम मुंढे. जानेवारी २०२० च्या अखेरीस ते नागपुरात रुजू झाले आणि दोन महिन्यांच्या आत त्यांच्या हाती असे अधिकार आले, जे शांततेच्या काळात कोणत्याही आयुक्ताला मिळत नाहीत. कडक अधिकारी म्हणून शहरातल्या अनेकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. महापालिकेच्या सभागृहात मात्र महापौर संदीप जोशी आणि सत्ताधारी भाजपचे नगरसेवक त्यांच्याविरुद्ध उभे ठाकले. २० जूनला सुरेश भट सभागृहात भरलेल्या सर्वसाधारण सभेतून आयुक्त उठून गेले. हा वाद दोन व्यक्तींचा म्हणून रंगवला गेला, पण त्याच्या मुळाशी कायदाच होता. साथरोग कायद्यात निवडून आलेल्या सभागृहाचा उल्लेखच नाही. शहर बंद करणाऱ्याने शहराच्या प्रतिनिधींना विचारलंच पाहिजे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ऑगस्टच्या अखेरीस मुंढे यांची बदली झाली आणि राधाकृष्णन बी. आले. माणूस बदलला, अधिकार तेच राहिले.

या अधिकाराचा पहिला भार मध्य नागपूरच्या दाटीवाटीच्या वस्त्यांवर पडला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहरातला पहिला कोविड मृत्यू झाला, तो सतरंजीपुऱ्यातल्या रहिवाशाचा. सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा सील झाले. पत्रे ठोकून गल्ल्या बंद केल्या आणि शेकडो रहिवाशांना आमदार निवास, व्हीएनआयटीचं वसतिगृह, पाचपावलीतले पोलीस क्वार्टर अशा ठिकाणी नेऊन ठेवलं. अधिवेशनात आमदार ज्या खोल्यांत उतरतात, त्याच खोल्यांत आता हातमाग आणि हातगाडीवाल्यांची कुटुंबं चौदा दिवस काढत होती. साथ रोखण्याच्या दृष्टीने हे किती योग्य होतं, यावर डॉक्टर वाद घालतील. कायद्याच्या दृष्टीने पाहायचं तर, बुडालेल्या रोजीबद्दल त्यांना मागता येईल असा हक्क १८९७ च्या कायद्याने दिलेला नव्हता.

याच मोमिनपुऱ्यातून नागपूर खंडपीठाचा एक महत्त्वाचा निकाल आला. म्यानमारचे आठ नागरिक मार्चच्या सुरुवातीला भारतात येऊन नागपुरात पोचले होते आणि तबलिगी मरकजमध्ये राहत होते. दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या तबलिगी मेळाव्यात साथ पसरल्याची बातमी फुटल्यावर तहसील पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हा नोंदवला: दंड संहितेची कलमं १८८, २६९, २७०, जोडीला साथरोग कायदा, आपत्ती कायदा आणि विदेशी नागरिक कायदा. २१ सप्टेंबर २०२० रोजी न्या. विनय देशपांडे आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. त्यांनी रोग पसरवला असं दाखवणारा काहीही पुरावा नाही, खटला चालू ठेवणं म्हणजे न्यायप्रक्रियेचा गैरवापर, असं खंडपीठाने म्हटलं. महिनाभर आधी, २१ ऑगस्टला, औरंगाबाद खंडपीठानेही अशाच विदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचं बजावलं होतं. दोन्ही निकालांचं सार सोपं आहे. भीती हा पुरावा नव्हे.

कलम १८८ बाबत एक बारकावा होता, जो त्या दिवसांत पोलीस ठाण्यांनाही फारसा आठवत नव्हता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ प्रमाणे या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यायची तर संबंधित सरकारी अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागत होती. नुसत्या पोलीस अहवालावर भागत नव्हतं. शिक्षाही १८६० सालच्या चलनातली: साध्या अवज्ञेला एक महिना किंवा दोनशे रुपये, जिवाला धोका होईल अशा अवज्ञेला सहा महिने किंवा हजार रुपये. दंड किरकोळ होता, पण नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या अर्जात ‘गुन्हा दाखल आहे का’ या रकान्यापुढे ‘होय’ लिहायची वेळ आली, की तो किरकोळ राहत नव्हता. अखेर २०२२ मध्ये राज्य सरकारने लॉकडाऊनमधले १८८ चे खटले मागे घ्यायचं ठरवलं.

दुकान, भाडं आणि चेक

३१ मे २०२० ला ‘मिशन बिगिन अगेन’ आलं आणि ५ जूनपासून बाजार उघडायला लागले, पण सम-विषम पद्धतीने. आज रस्त्याच्या या बाजूची दुकानं, उद्या त्या बाजूची. सीताबर्डीच्या मेन रोडवर समोरासमोरची दोन दुकानं आलटून पालटून उघडत होती. महिन्यातले निम्मेच दिवस धंदा, भाडं मात्र पूर्ण महिन्याचं.

इथे व्यापाऱ्यांनी वकिलांकडे पहिली धाव घेतली. करारात ‘दैवी आपत्ती’चं कलम आहे, मग भाडं माफ का नाही? भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ५६ सांगतं की करार पार पाडणं अशक्य झालं तर तो संपतो. पण भाडेपट्ट्याला मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो आणि त्यात जागाच नष्ट किंवा कायमची निरुपयोगी झाली तरच सुटका. दुकान उभं आहे, छत शाबूत आहे, फक्त गिऱ्हाईक नाही, एवढ्याने भाडं थांबत नाही. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला घरमालकांना भाडं किमान तीन महिने लांबवायला सांगितलं होतं, पण ते राहत्या घरांपुरतं आणि ते लांबवणं होतं, माफी नव्हे. दुकानाच्या भाडेकरूला शेवटी घरमालकाशीच बोलावं लागलं. ज्यांची वर्षानुवर्षांची ओळख होती त्यांचं निभावलं. जिथे कागदच बोलत होता तिथे नोटिसा निघाल्या.

माल घेतलेल्यांचीही गत तीच. मुंबई उच्च न्यायालयात पोलादाच्या आयातदारांनी असाच प्रयत्न केला होता. कोरियाहून माल निघालेला, इथे लॉकडाऊन, म्हणून बँकेने विक्रेत्याला पैसे देऊ नयेत अशी त्यांची मागणी होती. ८ एप्रिल २०२० ला न्यायालयाने ती फेटाळली. विक्रेत्याने आपलं काम केलं आहे, पोलाद अत्यावश्यक सेवेत मोडतं आणि लॉकडाऊन ठरावीक मुदतीचा आहे. तेवढ्याने देण्यातून सुटका नाही. हा निकाल महाराष्ट्रभरच्या ठोक बाजारांना इशारा होता. समजा, फेब्रुवारीत हजार कूलरची ऑर्डर देऊन माल उतरवून घेतला आणि मेपर्यंत शंभरही गेले नाहीत, तरी कारखानदाराचं बिल तसंच्या तसं उभं. धंदा बुडणं आणि करार अशक्य होणं यांत कायदा फरक करतो, आणि तो फरक व्यापाऱ्याच्या खिशातून वसूल होतो.

मग चेकचा घोळ. इतवारीसारख्या बाजारात उधारी पुढच्या तारखेच्या चेकवर चालते. चेक तीन महिन्यांत वटवायचा, न वटल्यास तीस दिवसांत नोटीस, मग पंधरा दिवस वाट, मग महिन्याभरात फिर्याद. एक मुदत चुकली की हक्क धोक्यात. पोस्ट बंद, कोर्ट बंद, मग नोटीस द्यायची कशी? इथे मात्र कायदा वेळेवर हलला. २३ मार्च २०२० लाच सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून १५ मार्चपासूनच्या सगळ्या मुदती थांबवल्या, मे महिन्यात चेकच्या खटल्यांनाही ती सवलत दिली, आणि १० जुलैला ई-मेलच्या जोडीला व्हॉट्सॲपवरून नोटीस बजावायलाही मान्यता दिली. चेकची स्वतःची तीन महिन्यांची मुदत मात्र त्याने रिझर्व्ह बँकेवर सोडली. ही मुदतवाढ लाटांमागून लाटा येत गेल्याने २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत चालली. दोन वर्षं देशाच्या कोर्टांमधलं घड्याळ थांबून होतं.

कर्जाचं घड्याळही थांबलं, पण मीटर चालू राहिलं. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिन्यांची हप्तेसवलत दिली, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. व्याज मात्र चढत होतं आणि त्यावर पुन्हा व्याज. त्याचा निकाल लागायला २३ मार्च २०२१ उजाडलं. सर्वोच्च न्यायालयाने व्याजावरचं व्याज सर्वांनाच माफ केलं, पण मूळ व्याज माफ करायला किंवा सवलतीची मुदत आणखी वाढवायला नकार दिला. कारखान्यांसाठी दिवाळखोरी कायद्यात कलम १०-अ घालून २५ मार्च २०२० पासून वर्षभरातल्या थकबाकीवर दिवाळखोरीचा अर्ज करायला बंदी आली. या सगळ्या सवलतींचा स्वभाव सारखाच होता. देणं पुढे ढकललं गेलं, फारसं कमी झालं नाही.

बुटीबोरीतला पगार, पांजरीची वाट

बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांची झोप उडवली ती २९ मार्चच्या केंद्रीय आदेशाने. आपत्ती कायद्याखाली निघालेल्या त्या आदेशात म्हटलं होतं की बंदच्या काळातला पगार कापू नये. मशीन थांबलेली, ऑर्डर नाही, बँकेत शिल्लक नाही, आणि पगार न दिल्यास कलम ५१ खाली फौजदारीची टांगती तलवार. त्यातच अफवा पसरली की कारखान्यात एखादा कामगार बाधित निघाला तर मालकालाच आत टाकतील. गृह मंत्रालयाला २३ एप्रिलला पत्र काढून सांगावं लागलं की मालकाची संमती किंवा हयगय असल्याशिवाय तसं होणार नाही.

पगाराच्या आदेशाचं काय? औरंगाबाद खंडपीठाने ३० एप्रिलला म्हटलं की जिथे काम सुरू करायला परवानगी आहे आणि कामगार येत नाही, तिथे कायद्याच्या चौकटीत कपात करता येईल. १८ मेपासून केंद्राने तो आदेश गुंडाळला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, दोन्ही बाजूंनी बसून तोडगा काढावा, असं सांगितलं. सरकारने पगार मालकाच्या माथी मारला होता, न्यायालयाने तो वाटाघाटीवर सोडला. सरकारी तिजोरीचा त्यात हिस्सा किती, हा प्रश्न दोन्हीकडून सुटला. मशीनवरच्या हंगामी माणसाला, ज्याचं नाव ठेकेदाराच्या वहीतही धड नव्हतं, वाटाघाटीला बसायला जागाच नव्हती.

तो माणूस तेव्हा रस्त्याने चालत होता. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे हैदराबादेहून उत्तर प्रदेशाकडे आणि मुंबईहून छत्तीसगडकडे निघालेले लोंढे इथूनच जात होते. शहराबाहेर पांजरीच्या टोलनाक्यावर स्वयंसेवकांनी त्यांच्यासाठी जेवण, चपला आणि पाणी यांची सोय मांडली. स्थलांतरित मजुरांसाठी तेव्हा कायदा होता, १९७९ चा. त्यात ठेकेदाराने नोंदणी करायची, विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च द्यायचा. पण नोंदणीच नसलेल्या माणसाला तो कायदा ओळखत नव्हता. मे महिन्यात नागपूरहून श्रमिक रेल्वे सुटल्या. ९ जूनला सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्यांना पंधरा दिवसांत पोचवायला सांगितलं आणि चालत निघाल्याबद्दल त्यांच्यावर आपत्ती कायद्याखाली नोंदवलेले गुन्हे मागे घेण्याचा विचार करा, असंही बजावलं. घरी चालत जाणं हा गुन्हा ठरला होता, याची ती अधिकृत कबुली होती.

नागपुरातून चाललेलं सर्वोच्च न्यायालय

त्या वर्षी देशाचे सरन्यायाधीश शरद बोबडे नागपूरचेच. लॉकडाऊनच्या काळात ते काही काळ नागपुरात होते. पुरीच्या रथयात्रेला १८ जूनला दिलेली स्थगिती २२ जूनला अटींवर उठली, तेव्हा ते नागपूरच्या घरून व्हिडिओवर सुनावणी घेत होते. ओडिशातला रथ निघायचा की नाही, याचा निर्णय विदर्भातल्या एका घरातून झाला, हे महामारीशिवाय घडलं नसतं. ६ एप्रिललाच सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ सुनावणीला कायद्याचं बळ दिलं होतं, आणि १३ मेला वकिलांना काळ्या कोटातून तात्पुरती सुटका दिली. पांढरा सदरा आणि बँड पुरे. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात काळा कोट घालून हिंडणाऱ्या वकिलांनी ही सवलत किती मनापासून स्वीकारली असेल, हे सांगायला नको. पण ज्या कनिष्ठ वकिलाकडे लॅपटॉप नव्हता किंवा ज्या मुन्शीचं पोट फाइलींच्या फेऱ्यांवर होतं, त्यांच्या वाट्याला नुसतं बसून राहणं आलं.

याच मुक्कामात नागपुरात काढलेला, एका महागड्या मोटारसायकलवर बसलेल्या सरन्यायाधीशांचा फोटो जूनच्या अखेरीस देशभर फिरला. ॲड. प्रशांत भूषण यांनी त्यावर ट्वीट केलं की न्यायालय बंद ठेवून लोकांना न्याय नाकारला जात असताना हे मास्क-हेल्मेटशिवाय दुचाकीवर आहेत. गाडी स्टँडवर उभी होती हे लक्षात न आल्याने हेल्मेटबद्दलचा भाग चुकल्याचं त्यांनी नंतर मान्य केलं, बाकी मतावर ते ठाम राहिले. १४ ऑगस्टला अवमान सिद्ध झाला, ३१ ऑगस्टला शिक्षा झाली: एक रुपया दंड. नागपुरातल्या एका फोटोने देशाला विचारायला लावलं की साथीत न्यायालय ‘चालू’ आहे म्हणजे नेमकं काय चालू आहे.

त्या ऑगस्टमध्ये पोळ्याच्या पाडव्याला काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूकही नेहमीच्या थाटात निघाली नाही. शंभराहून अधिक वर्षं हे शहर रोगराईला ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत वेशीबाहेर हाकलत आलं आहे. त्या वर्षी रोगराईच्याच आदेशाने मिरवणूक अडली. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीही रिकामी राहिली.

दवाखान्याचं बिल

धंदा आणि रुग्ण यांची खरी टक्कर झाली ती खासगी रुग्णालयांच्या दरांवर. २१ मे २०२० ला राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर आपल्या हाती घेतले: साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. रुग्णाच्या नातेवाइकांना हा मोठा आधार होता, कारण त्याआधी बिलाचा आकडा ऐकूनच माणूस खचत होता. पण या अधिसूचनेत कोविड नसलेल्या रुग्णांचेही दर बांधले होते. नागपूरची हॉस्पिटल्स असोसिएशन खंडपीठात गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल आला: कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवण्याचा अधिकार सरकारला साथरोग कायदा देत नाही, आपत्ती कायदाही देत नाही. तेवढ्यापुरती अधिसूचना रद्द झाली.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर हा निकाल कडू आहे. पण त्यातला मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. हेतू चांगला आहे म्हणून कायदा रुंद होत नाही. ज्या राज्याला साथीच्या काळात औषधपाण्याचे दर बांधायचे आहेत, त्याने विधिमंडळात जाऊन तसा कायदा करावा. १८९७ च्या चार कलमांच्या खुंटीवर सगळंच टांगता येत नाही.

दुसऱ्या लाटेने तर कायद्याचा प्रश्नच उलटा केला. मार्च २०२१ मध्ये पालकमंत्री नितीन राऊत यांनी १५ ते २१ तारखेचा कडक लॉकडाऊन जाहीर केला, तेव्हा वाद बंदचा होता. एप्रिलमध्ये वाद राहिला तो खाट, ऑक्सिजन आणि रेमडेसिविरचा. ९ एप्रिलच्या रात्री वाडीच्या एका खासगी कोविड रुग्णालयात आग लागून चार रुग्ण दगावले. खाटा वाढवण्याच्या धांदलीत अग्निसुरक्षा कोणी तपासायची, हा प्रश्न त्या धुरातून वर आला.

१९ एप्रिलला न्या. सुनील शुक्रे आणि न्या. श्रीराम मोडक यांच्या खंडपीठाने राज्याला सांगितलं: आज रात्री आठपर्यंत नागपूरला रेमडेसिविरच्या दहा हजार कुप्या द्या. कारण वाटपाचं सूत्रच धड नव्हतं. ठाण्यासारख्या कमी खाटांच्या जिल्ह्याला नागपूरपेक्षा जास्त कुप्या गेल्या होत्या. कुप्या आल्या नाहीत. २१ तारखेला न्यायमूर्तींनी आपल्याला या समाजाचा भाग असल्याची लाज वाटते, असं खुल्या न्यायालयात म्हटलं. त्याच दिवशी भिलाईच्या प्रकल्पातून महाराष्ट्राला मिळणारा ऑक्सिजनचा कोटा, जो केंद्राने दिवसाला ११० टनांवरून ६० वर आणला होता, पूर्ववत करायचा आदेश दिला. औषधांची मोजणी आणि टँकरचा हिशेब उच्च न्यायालय करत होतं, कारण कार्यपालिकेवर पुरवठ्याचं बंधन घालणारं एकही कलम साथरोग कायद्यात नव्हतं. न्यायालयाला थेट संविधानाच्या अनुच्छेद २१ पर्यंत जावं लागलं. तिकडे ८९९ रुपये छापील किमतीची कुपी काळ्या बाजारात हजारोंना विकली जात होती आणि पोलीस वॉर्डबॉय, मेडिकलवाले यांना पकडत होते. परवान्याच्या बाजूने एक चांगली गोष्ट घडली: नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसला रेमडेसिविर बनवायची परवानगी मिळाली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात उत्पादन सुरू झालं. एरवी महिनोन्‌महिने टेबलांवरून फिरणारा कागद इच्छा असली तर किती वेगाने हलतो, हे त्यातून दिसलं.

मागे काय उरलं

मृतांच्या घरांना शेवटी काहीतरी मिळालं, तेही न्यायालयामुळेच. आपत्ती कायद्याच्या कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष ठरवायचे आहेत, ते ऐच्छिक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला सांगितलं आणि मग दर मृत्यूमागे ५०,००० रुपयांची मदत ठरली. त्यासाठी मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं हवं, नसेल तर चाचणीचा कागद हवा. अनेक नागपूरकरांनी मेडिकल नि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या खिडक्यांवर तो कागद शोधण्यात पुढचे महिने घालवले. १ एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंध उठले आणि शहर जणू काही झालंच नव्हतं अशा थाटात पाडव्याच्या खरेदीला लागलं.

कायदा मात्र फारसा बदलला नाही. २०२० मध्ये त्यात भर पडली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांना सात वर्षांपर्यंतची शिक्षा देणारी. ती गरजेचीच होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८६ व्या अहवालात स्पष्ट म्हटलं की हा कायदा अपुरा आहे, तो एक तर मुळापासून सुधारा किंवा नवा करा. त्यानंतर १ जुलै २०२४ ला दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. कलम १८८ चं झालं २२३, दोनशे रुपयांचे झाले अडीच हजार, हजाराचे पाच हजार, आणि सहा महिन्यांच्या जागी वर्ष. म्हणजे दोन वर्षांच्या एवढ्या मोठ्या अनुभवानंतर आदेश मोडणाऱ्याची शिक्षा वाढली. आदेश देणाऱ्याची जबाबदारी आहे तिथेच आहे.

नव्या कायद्यात काय हवं, हे ठरवायला नागपूरच्या या दोन वर्षांतल्या निकालांची फाइल पुरेशी आहे. आदेश लेखी, कारणांसह आणि अंमलापूर्वी पुरेसा वेळ देऊन निघावा. विलगीकरणाला कमाल मुदत आणि वर दाद मागायची जागा असावी. बंदच्या काळातला पगार आणि भाडं यांत मालक, कामगार आणि सरकार यांचे हिस्से आधीच ठरलेले असावेत, आणि औषध-ऑक्सिजनच्या वाटपाचं सूत्र जाहीर असावं. यातलं काहीही अवघड नाही. सव्वाशे वर्षांत ते झालं नाही, कारण साथ असते तेव्हा सरकारला मोकळे हात हवे असतात आणि साथ गेली की विषय कोणालाच नको असतो. कायदा करायची वेळ ही दुसरी आहे, आणि ती सध्या चालू आहे.